बी.एस्सी. रसायनशास्त्राचे दुसरे वर्ष: एमपीएससी, एम.एस्सी. की नोकरी, हा क्रम कसा लावावा?

सीनाकाठ

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. गाव मोहोळ तालुक्यात असून रोज एस.टी.ने ये-जा करते. घरी ऊस आणि थोडे डाळिंब आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारी मी पहिलीच असल्यामुळे पुढचा विचार कोणाशी करावा हे कळत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पदवी होताच मी पुण्याला जाऊन एमपीएससीची तयारी करावी, अशी वडिलांची इच्छा आहे. भावकीतील एका दादांना महसूल खात्यात नोकरी लागल्यापासून ही इच्छा अधिकच पक्की झाली आहे. महाविद्यालयातील आमच्या बाई म्हणतात की प्रात्यक्षिकांत माझा हात चांगला आहे, त्यामुळे मी केगावला विद्यापीठात एम.एस्सी. करावी. धाकटा भाऊ पुढच्या वर्षी बारावीला असेल, त्याच्याही शिक्षणाचा खर्च समोर आहे, त्यामुळे पदवीनंतर लगेच नोकरी धरावी असे मला स्वतःला अनेकदा वाटते.

या तिन्हींपैकी कोणत्याही कामाची मला प्रत्यक्ष माहिती नाही. कार्यालयात अधिकारी दिवसभर काय करतात आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचा पदवीधर नेमके काय करतो, हे मी कधी पाहिलेले नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम असल्याने इंग्रजी वाचून समजते, पण बोलताना अडखळते. पदवीचे जे दीड वर्ष शिल्लक आहे त्यात काय करावे, आणि या तीन पर्यायांचा क्रम कोणत्या आधारावर लावावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

चिंचोळी लॅब

तिन्ही पर्याय तुम्ही एकमेकांसमोर उभे केले आहेत, पण त्यांची मुदत सारखी नाही, आणि माझ्या मते निर्णयाची सुरुवात तेथूनच करायला हवी. राज्यसेवा परीक्षेसाठी वयाची कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. पोलीस उपनिरीक्षकासारख्या काही पदांना ती बरीच कमी आहे, हे लक्षात ठेवावे. विषयाच्या शिक्षणाचे मात्र तसे नाही. आयआयटीमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश देणाऱ्या जॅम परीक्षेला वयाची अट नाही, तरीही पदवीनंतर तीन-चार वर्षे दुसऱ्याच अभ्यासात गेली की सेंद्रिय अभिक्रियांची यंत्रणा आणि ऊष्मागतिकी पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागते. पदवीधरांसाठी केंद्र शासनाची एक वर्षाची शिकाऊ उमेदवारीची योजना आहे, ज्यात कंपनी दरमहा विद्यावेतन देते; तीही नव्याने उत्तीर्ण झालेल्यांसाठीच आहे. शिवाय खासगी प्रयोगशाळेत मुलाखतीला गेल्यावर पहिला प्रश्न असा येतो की पदवीनंतरची ही वर्षे कोठे गेली. म्हणून जी वाट लवकर बंद होते तिचा विचार आधी करावा आणि जी दीर्घकाळ उघडी राहते ती नंतरसाठी ठेवावी, असा क्रम मला योग्य वाटतो.

आता कामाविषयी, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. तुम्ही ज्या जिल्ह्यात राहता तो राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे आणि प्रत्येक कारखान्यात प्रयोगशाळा असते. गाळप सुरू असताना तेथे चोवीस तास तीन पाळ्यांत काम चालते. उसाच्या रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) आणि पोल (त्यातील साखरेचे प्रमाण) काढायचा, त्यावरून शुद्धता ठरवायची, बगॅसमध्ये (उसाच्या चिपाडात) आणि मळीमध्ये किती साखर वाया जाते आहे ते पाहायचे, आणि या सर्व आकड्यांवरून दिवसाचा उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर मिळाली ते, काढायचा. शेतकऱ्याला मिळणारा रास्त आणि किफायतशीर दर या उताऱ्याशीच जोडलेला असल्यामुळे तुमच्या वडिलांच्या उसाचा हिशेब त्या टेबलापर्यंत पोहोचतो. तेथे लॅब केमिस्टपासून सुरुवात होते, पुढे मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आणि चीफ केमिस्ट अशी चढण असते, परंतु वरच्या पदांसाठी नुसती बी.एस्सी. पुरत नाही. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेत किंवा कानपूरच्या राष्ट्रीय साखर संस्थेत साखर तंत्रज्ञानाचे अथवा अल्कोहोल तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतलेले उमेदवार तेथे पुढे जातात. इथेनॉलमुळे कारखान्यांना जोडून आसवन्या (डिस्टिलरी) वाढल्या आहेत, त्यामुळे अल्कोहोल तंत्रज्ञानाकडेही पाहावे. उणी बाजू अशी की बरीच पदे हंगामी असतात आणि गाळप बंद झाल्यावर उत्पन्न घटते.

सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत रसायने आणि औषधांचे कच्चे घटक तयार होतात. माझे काम याच क्षेत्रातील आहे, त्यामुळे याबद्दल खात्रीने लिहितो. नवीन पदवीधराला येथे बहुधा गुणवत्ता नियंत्रण विभागात घेतात. आलेला कच्चा माल तपासणे, अनुमापन (टायट्रेशन) करणे, एचपीएलसी या मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर नमुने लावणे, निघालेला आलेख वाचणे आणि प्रत्येक कृतीची नोंद त्याच वेळी, त्याच वहीत, सही-तारखेसह करणे, असा दिवस जातो. खाडाखोड चालत नाही, आकडा चुकला तर एक रेघ मारून शेजारी कारण लिहावे लागते. नवीन काही शोधण्याची ज्यांना आस असते त्यांना हे काम लवकर कंटाळवाणे होते. शिस्तीत, नेमकेपणाने काम करणे ज्यांना आवडते ते मात्र येथे वीस-वीस वर्षे समाधानाने राहिलेले मी पाहिले आहेत. तुमच्या बाईंनी तुमचा हात चांगला असल्याचे म्हटले आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला निरीक्षणे लिहिणे तुम्हाला मनापासून आवडते की परीक्षेपुरते करावे लागते, हे स्वतःला विचारून पाहा. या कामाला तुम्ही किती टिकाल, हे पुष्कळसे त्यावरून कळेल.

मुलगी म्हणून एक व्यवहाराची गोष्ट आधीच विचारून घ्यावी. अनेक प्रयोगशाळांत पाळ्या असतात. सर्वसाधारण पाळीची जागा आहे का, कंपनीची बस कोठपर्यंत येते, आणि संध्याकाळची पाळी संपल्यावर तुमच्या गावाला जाणारी एस.टी. मिळते का, यावर सोलापुरात खोली घ्यावी लागेल की नाही हे ठरते आणि हातात उरणारा पगारही त्यावरच ठरतो.

शिल्लक दीड वर्षासाठी माझी एकच सूचना आहे. गाळपाचा हंगाम संपण्यापूर्वी तुमच्या भागातील कारखान्याची प्रयोगशाळा एकदा पाहा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या रासायनिक कंपनीत किंवा पाणी-माती तपासणी प्रयोगशाळेत काही आठवडे काम करा, मग ते बिनपगारी का असेना.

अभ्यासिका

वरील प्रतिसादातील कामाची माहिती फार मोलाची आहे, परंतु एमपीएससी नंतर करता येईल या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी राज्य शासनाच्या सेवेत आहे आणि ही परीक्षा देऊनच आलो आहे. आयोगाची मर्यादा ३८ वर्षांची असली तरी घराची मर्यादा तेवढी नसते, आणि मुलींच्या बाबतीत ती आणखी अलीकडे येते, ही वस्तुस्थिती आपण सर्वजण जाणतो. पूर्णवेळ नोकरी लागल्यानंतर रोज चार तास अभ्यास करणारे उमेदवार असतात, पण ते थोडे असतात. म्हणून तयारीचा पाया पदवीच्या काळातच घालावा, असे माझे मत आहे.

मात्र त्यासाठी पुण्याला जाण्याची गरज आज नाही, आणि हे तुमच्या वडिलांना नीट समजावून सांगावे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. भाषेचे दोन पात्रता पेपर, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, असे तिचे स्वरूप असून गुणवत्तेसाठी लेखी १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण धरले जातात. वैकल्पिक विषयांच्या यादीत रसायनशास्त्र आहे. म्हणजे आज वर्गात जे शिकता आहात ते या परीक्षेच्या दृष्टीनेही वाया जाणारे नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना पूर्वपरीक्षेला बसता येते. राज्य मंडळाची सहावी ते बारावीची इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्राची पुस्तके, रोजचे एक चांगले मराठी वृत्तपत्र आणि आठवड्याला एक निबंध, एवढे मोहोळमध्ये राहूनही करता येते. निबंध कोणाकडून तरी तपासून घ्यावा. वाचून झाले म्हणजे लिहिता येईल, ही समजूत वर्णनात्मक परीक्षेत टिकत नाही. पहिली पूर्वपरीक्षा घरूनच द्यावी आणि तिचा निकाल पाहून पुण्याचा विचार करावा. खोली, खाणावळ, अभ्यासिका आणि क्लास हे चारही खर्च दरमहा चालू राहतात, आणि एकदा तेथे गेल्यानंतर रिकाम्या हाताने परत कसे जायचे या संकोचापायी वर्षे निघून जातात. सदाशिव पेठेत असे कितीतरी हुशार विद्यार्थी मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांची आठवण आली की आजही मन अस्वस्थ होते.

आणखी एक मुद्दा असा की सरकारी नोकरी आणि रसायनशास्त्र या वेगळ्या वाटा आहेत असे आपण उगाच धरून चालतो. अन्न सुरक्षा अधिकारी या पदासाठी केंद्राच्या नियमांनुसार ज्या पदव्या चालतात त्यांत रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आहे, केवळ बी.एस्सी. चालत नाही. महाराष्ट्र वनसेवेच्या परीक्षेला रसायनशास्त्राचे पदवीधर पात्र असतात. न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळांत आणि पाणी तपासणीच्या शासकीय प्रयोगशाळांतही रसायनशास्त्र शिकलेले उमेदवार लागतात. या जागांसाठी सर्वसाधारण पदवीधरांची गर्दी नसते, कारण तेथे विषयाची अट आहे. जाहिराती मात्र नियमित येत नाहीत, त्यामुळे सर्व भिस्त त्यांच्यावर ठेवू नये.

सीनाकाठ

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. एम.एस्सी. केल्याने अन्न सुरक्षा अधिकारी पदाची पात्रता मिळते, हे मला अजिबात माहीत नव्हते. हे वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी प्रथमच एम.एस्सी.बद्दल दोन प्रश्न विचारले.

माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की कारखान्यात किंवा कंपनीत ओळख नसताना विद्यार्थ्याला आत येऊ देतात का, आणि त्यासाठी कोणाला, कसे लिहावे? दुसरी, एम.एस्सी. करायची झाल्यास सेंद्रिय रसायनशास्त्र (कार्बनी संयुगांचे) घ्यावे की वैश्लेषिक (पदार्थांच्या तपासणीचे)? सगळे सेंद्रिय घ्या म्हणतात, पण कारण कोणी सांगत नाही.

केगाव रस्ता

मी महाविद्यालयात शिकवतो, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर देतो. एकट्या विद्यार्थ्याचा अर्ज बहुतेक वेळा टेबलावर पडून राहतो, पण प्राचार्यांच्या पत्रासह आलेल्या अर्जाला उत्तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. त्यामुळे तुम्ही कोणाकडे उपकार मागत नसून अभ्यासक्रमाचा भाग पूर्ण करत आहात, असे विभागप्रमुखांना आणि कारखान्यालाही सांगता येते. पत्र साखर कारखान्यात चीफ केमिस्ट यांच्या नावे आणि कंपनीत मनुष्यबळ विभागाच्या नावे द्यावे. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येणार, महाविद्यालयात कोणती प्रात्यक्षिके पूर्ण केली आहेत आणि काय पाहायचे आहे, एवढेच लिहावे. स्वतःच्या कष्टाळूपणाचे वर्णन करू नये. चार मैत्रिणींनी मिळून अर्ज केला तर घरच्यांनाही काळजी कमी वाटते आणि जाण्या-येण्याची सोय होते.

ऊस आणि डाळिंब ही तुमच्या घरची दोन पिके आहेत आणि दोन्हींच्या मागे रसायनशास्त्राचे काम आहे. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावलाच आहे, विद्यापीठाच्या परिसरापासून फार दूर नाही. युरोपला जाणाऱ्या फळांमध्ये कीडनाशकांचा अंश किती आहे, हे निर्यातीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावे लागते. मर्यादा ओलांडली तर माल परत येतो आणि बागायतदार बुडतो. हा अंश एक किलो फळात मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचा असतो. त्यासाठी वायू आणि द्रव वर्णलेखन यंत्रांना (क्रोमॅटोग्राफ) वस्तुमान पंक्तिमापक (मास स्पेक्ट्रोमीटर) जोडलेले असतात, आणि ती यंत्रे चालवणारी तयार माणसे सहज मिळत नाहीत. द्राक्षाच्या बाबतीत अशा तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. महाविद्यालयाच्या सहलीऐवजी अशा ठिकाणी एक दिवसाची भेट ठरवावी, अशी माझी आमच्या विभागातही नेहमी मागणी असते.

संशोधनाची आवड आहे की नाही हे पाहायचे असेल तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीसह देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिला अर्ज करावा. निवड झाल्यास उन्हाळ्याचे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करता येते, प्रवासखर्च आणि विद्यावेतन मिळते. अर्ज बहुधा दिवाळीच्या सुमारास भरावे लागतात. आपल्या भागातील मुले अर्जच करत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. निवड न होणे समजू शकते, पण माहिती नसल्यामुळे संधी जाणे मनाला लागते.

इंग्रजीबद्दल एवढेच सांगतो की प्रयोगशाळेतील इंग्रजी ठरावीक असते. या आठवड्यात केलेले एक प्रात्यक्षिक वही न पाहता इंग्रजीत पाच मिनिटे मैत्रिणीला समजावून सांगा, पुढच्या आठवड्यात दुसरे. मुलाखतीत विचारतात ते साधारण हेच असते.

एका मुलीचे वडील

माझी मुलगी याच टप्प्यातून गेली आहे, म्हणून पालकाच्या बाजूने लिहितो. आम्हाला एमपीएससी कळते, कारण तिच्यातून लागलेली माणसे आम्ही पाहिलेली असतात. एचपीएलसी म्हणजे काय हे आम्हाला कळत नाही, त्यामुळे त्या वाटेची भीती वाटते. कारखान्याच्या भेटीला जाताना शक्य असेल तर वडिलांना बरोबर न्यावे. आपला ऊस जेथे जातो तेथे पांढरा कोट घालून काम करणाऱ्या मुली त्यांनी स्वतः पाहिल्या, तर घरातील पुढचे बोलणे सोपे होईल.

चिंचोळी लॅब

'अभ्यासिका' यांनी घराच्या मर्यादेबद्दल लिहिले आहे ते मान्य आहे, आणि पूर्वपरीक्षा घरूनच देण्याची त्यांची सूचना माझ्या क्रमात सहज बसते. शेवटच्या वर्षात पूर्वपरीक्षेचा अर्ज भरावा, त्याच वर्षी जॅमचाही भरावा. जॅम फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधी काही महिने सुरू होतात. तिचा अभ्यास म्हणजे तुमच्या पदवीच्याच अभ्यासक्रमाची खोलवर उजळणी असल्याने, आयआयटीला प्रवेश मिळाला नाही तरी विद्यापीठातील एम.एस्सी. प्रवेशाला आणि नोकरीच्या मुलाखतीलाही ती उपयोगी पडते. पदवी तीन वर्षांनी घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. करावी, की चौथे ऑनर्सचे वर्ष करून पुढे एका वर्षात पदव्युत्तर पदवी घ्यावी, हे मात्र तुमच्या महाविद्यालयात चौथे वर्ष कोणत्या विषयांत आणि कोणत्या सोयींनिशी चालते ते पाहूनच ठरवावे. एकूण वर्षे सारखीच लागतात. तीन वर्षांनंतर विद्यापीठाच्या विभागात गेल्यास यंत्रे अधिक वापरायला मिळतील असे वाटत असेल, तर तेच करावे.

सेंद्रिय की वैश्लेषिक, याबद्दल लोक सेंद्रिय सांगतात त्याला कारण आहे. औषध कंपन्यांच्या संशोधन विभागात नवीन रेणू आणि त्यांच्या निर्मितीच्या पद्धती तयार करण्यासाठी सेंद्रिय शाखेचेच उमेदवार घेतात, आणि ते गुणवत्ता नियंत्रणातही चालतात. त्यामुळे त्यांना दोन विभाग उघडे राहतात. पण संशोधन विभागाच्या बहुतेक जागा हैदराबाद, पुणे, मुंबई आणि बडोद्याकडे आहेत. घराजवळ राहायचे असेल, किंवा फळांमधील कीडनाशकांचा अंश, पाणी, अन्न आणि औषधे यांच्या तपासणीकडे तुमचा ओढा असेल, तर वैश्लेषिक शाखा अधिक उपयोगी ठरेल. अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या नियमात केवळ रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी म्हटले आहे, त्यामुळे त्या दृष्टीने शाखेची चिंता नको. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठात जाऊन त्या शाखेच्या प्रयोगशाळेत कोणती यंत्रे चालू स्थितीत आहेत आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः हाताळू देतात का, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. शिक्षकांपेक्षा त्यांच्याकडून खरे उत्तर मिळेल.

कारखान्याचे पत्र या आठवड्यातच द्या. यंदा उसाचे गाळप लवकर आटोपले तर प्रयोगशाळा पाहण्यासारखी पुन्हा पुढच्या हंगामातच सुरू होईल, आणि तोपर्यंत तुम्ही शेवटच्या वर्षात असाल.